रामनगरची लीला आणि घरातील पडदा

गंगेच्या पूर्व तीरावर, काशीनगरीसमोर वसलेल्या रामनगरात अनंत चतुर्दशीपासून सुमारे महिनाभर रामलीला चालते. तेथे ध्वनिवर्धक नसतो, विजेचे दिवे नसतात. मशाली आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात रामचरितमानसाचे गायन होते. अयोध्या, जनकपूर, लंका ही स्थळे गावभर विखुरलेली असल्याने प्रेक्षकच पात्रांमागून चालत जातात. २००८ साली युनेस्कोने रामलीलेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

याच रामनगरात लालबहादूर शास्त्री यांचे वडिलोपार्जित घर आहे. ते पंतप्रधान असताना, १९६५ साली, दिल्लीहून दूरचित्रवाणीचे दैनंदिन प्रसारण सुरू झाले. पुढे २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि रामकथा दिवाणखान्यात आली.

बदलीच्या निमित्ताने काशीस आलेल्या मराठी कुटुंबापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो: मुलांच्या कानावर मराठी पडणार कशी? घरात जुना संगणक पडून असेल, तर त्यातून एक मार्ग निघतो.

प्रथम संगणक व दूरचित्रवाणी संच एचडीएमआय केबलने जोडावेत. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच तारेतून जातात. जुन्या संगणकावर केवळ व्हीजीए जोडणी असल्यास आवाजासाठी वेगळी तार लागते. त्यानंतर उपग्रह प्रसारण पकडणारे डीव्हीबी-एस२ ट्यूनर कार्ड बसवून त्यास छतावरील डिशची तार जोडावी. प्रसारभारतीच्या डीडी फ्री डिश सेवेस मासिक शुल्क नाही, आणि तीवर दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी काशीतही दिसते. कोडीसारखी विनामूल्य संगणक-प्रणाली घातल्यास वाहिन्या, छायाचित्रे व गाणी एकाच पडद्यावरून निवडता येतात. दूरनियंत्रकाच्या जागी बिनतारी कळफलक सोयीचा ठरतो.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. जुन्या अ‍ॅनालॉग ट्यूनर कार्डाचा आता उपयोग नाही, कारण केबल व उपग्रह प्रसारण डिजिटल झाले आहे. तसेच सशुल्क डीटीएच वाहिन्या सांकेतिक रूपात येतात. त्यांच्यासाठी त्या कंपनीचाच सेट-टॉप बॉक्स लागतो. साध्या दर्जाच्या तासाभराच्या ध्वनिचित्रमुद्रणास साधारण एक ते दोन जीबी जागा पुरते. म्हणजे पाचशे जीबीच्या डिस्कवर शेकडो तासांचे कार्यक्रम साठवता येतील. वीज वारंवार जात असल्यास यूपीएस अवश्य घ्यावा, अन्यथा मुद्रण अर्धवट राहते.

घरचा पडदा आजी-आजोबांना हवा तो प्रसंग पुन्हा दाखवू शकेल, मुलांच्या कानी मायबोली घालू शकेल. मात्र मशालींच्या उजेडात हजारोंसह चालण्याचा अनुभव त्यात मावणार नाही. अनंत चतुर्दशीच्या सुमारास काशीत असणाऱ्यांनी एक संध्याकाळ संगणक बंद ठेवून मुलांना गंगेपलीकडे अवश्य न्यावे.