धूर गेला, पोस्टर राहिलं!

तुमच्या हॉस्टेलच्या भिंतीवर कुणाचं पोस्टर आहे? शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये लोक चक्क सिगरेटच्या जाहिराती जमवायचे! ल्यूसियन बर्नहार्डने ‘मानोली’ सिगरेटसाठी केलेली पोस्टर्स एकदा सर्च करून बघाच. वस्तू, ब्रँडचं नाव आणि सपाट रंग. बस्स!

तिथले डेंटिस्ट हान्स झाक्स तर अशा पोस्टर्सपायी वेडे होते. १९०५ मध्ये त्यांनी पोस्टरप्रेमींची संघटना काढली. सिगरेटपासून सिनेमापर्यंत, तब्बल साडेबारा हजार पोस्टर्स जमवली. पण ते ज्यू होते. १९३८ मध्ये गेस्टापोने अख्खा संग्रह उचलून नेला. झाक्स कसेबसे अमेरिकेला पोचले आणि १९७४ मध्ये गेले, पोस्टर्स परत न मिळताच. मुलगा मात्र कोर्टात लढला. २०१२ मध्ये जिंकला. उरलेली चार हजारांवर पोस्टर्स घरी आली!

तुम्हालाही असं जुनं पोस्टर घ्यायचंय? मग खिशात भिंग ठेवा. ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, तर ते बहुधा नंतरचं रिप्रिंट. मूळ शिळाछापात रंगाचे कण वेडेवाकडे पसरलेले दिसतात.

आणि हो, नाद पोस्टरचा लावून घ्या, सिगरेटचा नको!