बिनभाड्याची गुणसूत्रं

ज्वारीच्या पेशीत वीस गुणसूत्रं असतात. दख्खनमध्ये रानात उगवणाऱ्या तिच्या एका भावंडात, सोर्घम पर्प्युरिओसेरिसियममध्ये, दहाच. निदान हिशोब तसा आहे. प्रत्यक्षात एका रोपात दहाच्या दहा भरतात, तर दुसऱ्यात दोन-तीन वरकड निघतात. या वरकडांना ‘बी गुणसूत्रं’ म्हणतात. मक्यावर काम करणाऱ्या रँडॉल्फ यांनी १९२८ मध्ये हे नाव दिलं. (मराठी माणसाला बियाणं आठवणार, त्याला इलाज नाही.)

नेहमीच्या गुणसूत्रांवाचून रोप जगत नाही. या वरकडांवाचून कुणाचं काही अडत नाही. उलट राय या धान्यात त्यांची गर्दी झाली की दाणे नीट धरत नाहीत. मग ती टिकतात कशी? लबाडीनं. मक्याच्या परागकणात दोन नरपेशी तयार होतात. एकीपासून अंकुर धरतो, दुसरी दाण्यातल्या पिठाच्या कामी येते. या पेशी होताना बी गुणसूत्राच्या दोन्ही प्रती बहुतेकदा एकाच पेशीत शिरतात, आणि अंडपेशीशी जास्त करून तीच पेशी जुळते. स्वीडनच्या ऑस्टरग्रेन यांनी १९४५ मध्येच त्यांना परजीवी ठरवलं. आपला शब्द बांडगूळ.

पण सगळ्यांना बांडगूळ म्हणणं अन्यायाचं होईल. ब्रिटनमध्ये वाय नदीकाठी चाइव्ह्ज ही कांद्याच्या कुळातली वनस्पती रानात वाढते. तिथं लबाडी नाही; पुढच्या पिढीत जाताना ही गुणसूत्रं थोडी गळतातच. तरी ती टिकून आहेत, कारण बी रुजून रोप होण्याच्या नाजूक काळात ती बाळगणारी रोपं जास्त तगतात. स्वीडनच्या कुरणांतल्या फेस्क्यू गवतात तर त्यांचं प्रमाण मातीगणिक बदलतं, चिकणमातीत जास्त. जातीला एकच आकडा चिकटवून मोकळं होणं हा मला आळस वाटतो.

आपल्या रानज्वारीची गंमत वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल यांनी १९४० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. तिथं ही गुणसूत्रं रोप वाढता वाढता अंगातून गळून जातात आणि फुलोऱ्यात तेवढी उरतात. गुणसूत्रं मोजायला एरवी मुळांची टोकं घेतात. या ज्वारीची वरकड मोजायची, तर कोवळं कणीसच खुडावं लागतं.