मर्क्युरी, फ्रेडी

मर्क्युरी, फ्रेडी : (५ सप्टेंबर १९४६–२४ नोव्हेंबर १९९१). ब्रिटिश रॉक-गायक, संगीतरचनाकार व ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा प्रमुख गायक. मूळ नाव फारोख बुलसारा. जन्म झांझिबार बेटावरील स्टोन टाउन येथे, मूळच्या गुजरातमधील पारशी कुटुंबात. वडील ब्रिटिश वसाहत सरकारच्या सेवेत होते. १९५५ मध्ये त्यास पाचगणी (सातारा जिल्हा) येथील सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठविण्यात आले. तेथे त्याने पियानोवादनाचे शिक्षण घेतले. शाळेच्या गायनवृंदातही तो गात असे. १९५८ मध्ये शाळासोबत्यांनी स्थापन केलेल्या ‘द हेक्टिक्स’ या वाद्यवृंदात तो पियानो वाजवी. प्रमुख गायक मात्र दुसराच होता.

झांझिबारमधील १९६४ च्या क्रांतीनंतर बुलसारा कुटुंब इंग्लंडला स्थलांतरित झाले. ईलिंग कला महाविद्यालयातून त्याने १९६९ मध्ये आलेख्यकलेची पदविका मिळविली. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे व तालवादक रॉजर टेलर यांच्यासमवेत त्याने ‘क्वीन’ची उभारणी केली. वाद्यवृंदाचे नाव त्यानेच सुचविले व बोधचिन्हही त्यानेच रेखाटले. याच सुमारास त्याने ‘मर्क्युरी’ हे आडनाव धारण केले. १९७१ मध्ये जॉन डीकन त्यांना येऊन मिळाला.

‘क्वीन’च्या प्रारंभीच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर सिंथेसायझर (विद्युतीय रीतीने नाद निर्माण करणारे वाद्य) वापरला नसल्याची नोंद आवर्जून केलेली असे. नादाची समृद्धी कंठ व गिटार यांतूनच साधावी, हा त्यामागील आग्रह. मर्क्युरीच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) या सुमारे सहा मिनिटांच्या रचनेत अवघ्या तिघांचे आवाज परस्परांवर पुनःपुन्हा मुद्रित करून ऑपेरातील समूहगानाचा परिणाम साधलेला आहे.

१९८० च्या सुमारास सिंथेसायझरप्रधान लोकप्रिय संगीत ब्रिटनमध्ये प्रभावी ठरू लागले. ‘क्वीन’नेही ‘द गेम’ (१९८०) मध्ये हे वाद्य प्रथम स्वीकारले. मर्क्युरीने विद्युतीय नृत्यसंगीताचा अग्रणी जोर्जो मोरोडर याच्यासमवेत ‘लव्ह किल्स’ (१९८४) हे गीत मुद्रित केले. ‘मिस्टर बॅड गाय’ (१९८५) ही त्याची पहिली स्वतंत्र दीर्घ ध्वनिमुद्रिका. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली क्रीडागारात झालेल्या कार्यक्रमात त्याने प्रचंड श्रोतृसमुदायास आपल्यासोबत गावयास लावले. ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे ‘क्वीन’समवेत त्याचे अखेरचे जाहीर गायन झाले.

स्पॅनिश ऑपेरागायिका मोन्सेरात काबाये हिच्यासह त्याने ‘बार्सेलोना’ (१९८८) ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. तीत वाद्यमेळाचा बराच भाग सिंथेसायझरवर वाजविलेला होता. २०१२ च्या आवृत्तीत त्याजागी प्रत्यक्ष वाद्यमेळ योजण्यात आला. दोघांचे मूळ गायन मात्र कायम ठेवले गेले.

एड्स या रोगाने ग्रासले असतानाही तो ध्वनिमुद्रण करीत राहिला. १९९१ मध्ये माँत्रो (स्वित्झर्लंड) येथे मुद्रित केलेल्या ‘मदर लव्ह’ या गीताचे शेवटचे कडवे त्याच्याकडून गावयाचे राहिले, ते पुढे मे याने गायिले. आपल्या आजाराची त्याने २३ नोव्हेंबर रोजी जाहीर वाच्यता केली आणि दुसऱ्याच दिवशी लंडन येथे त्याचे निधन झाले. अंत्यविधी जरथुश्त्री पद्धतीने झाला. उरलेल्या ध्वनिमुद्रणांवर सहकाऱ्यांनी नवे वादन योजून ‘मेड इन हेवन’ (१९९५) प्रसिद्ध केली. त्याच्या स्मरणार्थ स्थापन झालेला मर्क्युरी फीनिक्स न्यास एड्सविरोधी कार्यास साहाय्य करतो.

वाद्ये व ध्वनिमुद्रणाची तंत्रे पालटत गेली, तरी मृदू आलापापासून तारस्वरातील आवाहनापर्यंत सहज संचार करणारा कंठ हाच त्याच्या संगीताचा स्थायी आधार राहिला.