काड्यांच्या अँटेनापासून डिशच्या छत्रीपर्यंत

चाळीच्या पत्र्यावर चढून अँटेना फिरवणारे वडील आणि खालून "आलं, आलं... गेलं!" असे ओरडणारी पोरे. हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. भाईंदरला आमच्या घरीही तेच चालायचे. अॅल्युमिनियमच्या काड्यांचे तोंड दक्षिणेला, वरळीकडे करायचे, कारण दूरदर्शनचा सुमारे 300 मीटर उंचीचा मनोरा तिथे होता. भाईंदरपासून तो सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर. या लहरी सरळ धावतात. वाटेत टेकडी किंवा उंच इमारत आली की पडद्यावर मुंग्या दिसायच्या.

आपल्या देशात दूरदर्शनची सुरुवात 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत, प्रयोग म्हणून झाली. मुंबई केंद्र सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 रोजी. पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुणेकरांना मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. 'आमची माती, आमची माणसं', 'गजरा' आणि चिमणराव-गुंड्याभाऊ घराघरांत पोहोचले. 1982 साली रंगीत चित्र आले आणि उपग्रहाच्या मदतीने दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम एकाच वेळी देशभर दिसू लागला.

मात्र संच विकत घेणे कामगाराच्या आवाक्यात नव्हते. अख्ख्या चाळीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा. रविवारच्या सिनेमाला काही घरांत पोरांना पुढे बसवत, तर काही घरांत उंबऱ्याबाहेरच थांबावे लागे. आपल्यालाच बाहेर का थांबवले, याचे उत्तर घरी आल्यावर आई देत असे. म्हणूनच हप्त्याने घेतलेला पहिला ब्लॅक अँड व्हाइट संच ही आपल्या घरांत केवळ करमणुकीची वस्तू नव्हती.

त्या काळी संच घेतला की मोठा खर्च संपत असे. पूर्वी पोस्टात भरावी लागणारी वार्षिक लायसन्स फीसुद्धा ऐंशीच्या दशकात रद्द झाली. नंतर केबल आली. 1991 च्या आखाती युद्धाची दृश्ये परदेशी वाहिन्यांवर दिसली. 2 ऑक्टोबर 1992 रोजी झी टीव्ही सुरू झाला आणि गच्चीगच्चीवरून वायरी लोंबू लागल्या. वाहिन्या वाढल्या, पण दर महिन्याचे बिलही मागे लागले. 1995 मध्ये केबलसाठी कायदा झाला. 2012 साली मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. जुन्या पद्धतीत एका वाहिनीला जेवढी जागा लागे, तेवढ्यात डिजिटल पद्धतीने अनेक वाहिन्या मावतात. ते संकेत उलगडून चित्र दाखवण्याचे काम हा बॉक्स करतो. दूरदर्शनचे बहुतेक जुने अॅनालॉग ट्रान्समीटरही 2022 पर्यंत बंद झाले.

वाचकहो, आता आपल्या कामाची गोष्ट. 2019 पासून हव्या त्याच वाहिन्या निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे. केबलवाल्याने दिलेले पॅकेज घेतलेच पाहिजे असे नाही. बिल मागून घ्या. घरात कोणती वाहिनी कोण पाहते, ते सर्वांनी बसून ठरवा आणि नको त्या बंद करा.

दुसरा मार्ग दूरदर्शनच्या 'फ्री डिश'चा. ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. छत्री आणि बॉक्स यांचा खर्च एकदाच, महिन्याचे भाडे नाही. सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते. खासगी वाहिन्या मात्र अधूनमधून बदलतात, म्हणून आपल्या पसंतीची वाहिनी आहे का, याची आधी चौकशी करावी. आपल्याकडे या छत्रीचे तोंड आग्नेयेला, सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे लागते. त्या दिशेला इमारत आडवी येत नाही ना, हे पाहूनच पैसे खर्च करावेत.

आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. एकाच खोलीत चौघे चार वेगळ्या गोष्टी पाहत असतात आणि रिचार्जही प्रत्येकाचा वेगळा. निदान रात्रीच्या बातम्या तरी सर्वांनी एकत्र पाहाव्यात, त्यावर मुलांशी बोलावे. आणि शेजारचे एखादे पोर दारात घुटमळताना दिसले, तर त्याला आत बोलावून पुढे बसवावे.