नऊ क्लास, एक निवड

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चालू आवृत्तीत पैसे मोजले की बरंच काही बदलून मिळतं. पात्राचं नाव, वंश, सर्व्हर, इतकंच काय, एका फौजेतून थेट शत्रूच्या फौजेतही जाता येतं. क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, मात्र कितीही पैसे दिले तरी बदलत नाही. जादूगार म्हणून सुरू केलेलं पात्र शेवटपर्यंत जादूगारच राहतं. कंटाळा आला तर नवं पात्र काढायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. त्यामुळे पात्र तयार करण्याच्या पडद्यावर नवखा माणूस अडून बसतो, ते काही चुकीचं नाही.

हा खेळ ब्लिझर्ड कंपनीने नोव्हेंबर २००४मध्ये आणला. तेव्हा त्यात नऊ क्लास होते. नंतरच्या वर्षांत ते तेरा झाले. ऑगस्ट २०१९मध्ये कंपनीने मूळ खेळ ‘क्लासिक’ नावाने पुन्हा सुरू केला. इथे मी त्याच्याबद्दलच लिहितो आहे, कारण नंतरच्या आवृत्त्यांनी क्लासमधले फरक बरेच गुळगुळीत केले. क्लासिकमध्ये ते अजून टोचतात, त्यामुळे चांगले समजतात.

पडद्यावर दिसतं ते असं: चिलखतातला वॉरियर, पवित्र हातोडा घेतलेला पॅलाडिन, धनुष्य आणि पाळीव प्राणी घेतलेला हंटर, अंधारातून वार करणारा रोग, बरं करणारा प्रीस्ट, चार महाभूतांचे खांब रोवणारा शामन, आग आणि बर्फ फेकणारा मेज, राक्षस पाळणारा वॉरलॉक, आणि अस्वलापासून बिबट्यापर्यंत रूपं बदलणारा ड्रुइड. बहुतेक जण यातलं जे रूप आवडेल ते निवडतात. पण रूपाची नवलाई दोन दिवस टिकते. उरलेले शेकडो तास तुम्ही काय करणार, हे क्लास ठरवतो.

या विभागणीचं मूळ कागद-पेन्सिलीच्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये १९७४ साली तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षीच्या पुरवणीत आला. संगणकावर आल्यावर, विशेषतः १९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये, कामाची वाटणी घट्ट झाली: एकाने मार खायचा, एकाने जखमा भरायच्या, बाकीच्यांनी शत्रूला मारायचं. खेळाडूंच्या भाषेत टँक, हीलर आणि डीपीएस. क्लासिकमधला पाच जणांचा गट याच हिशेबाने बनतो: एक टँक, एक हीलर, तीन डीपीएस.

ही वाटणी चालते कशी, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. सगळी निवड त्यावरच उभी आहे. संगणकाचा राक्षस कोणाला मारायचं हे मनाने ठरवत नाही. प्रत्येक शत्रूकडे एक अदृश्य यादी असते आणि तिच्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक आकडा. त्याला म्हणतात थ्रेट. तुम्ही शत्रूला एक अंश इजा केलीत की साधारण एक अंश थ्रेट वाढतो. कोणाला बरं केलंत तर बरं केलेल्या अंशांच्या निम्मा थ्रेट तुमच्या नावावर चढतो, आणि तो लढणाऱ्या सगळ्या शत्रूंमध्ये वाटला जातो. यादीत जो वर, त्याच्यावर हल्ला. टँकच्या काही चाली इजा कमी करतात पण थ्रेट भरपूर देतात, म्हणून तो वर राहू शकतो.

आता गंमत पाहा. शत्रू सध्या ज्याच्यावर धावतोय त्याला मागे टाकायला नुसतं एका अंशाने पुढे जाऊन भागत नाही. जवळून लढणाऱ्याला ११० टक्के लागतात, लांबून मारणाऱ्याला १३०. टँकचा आकडा १००० असेल तर शेजारी उभा असलेला रोग ११०० ओलांडताच शत्रू त्याच्याकडे वळतो. लांब उभ्या मेजला १३००पर्यंत मोकळीक आहे. म्हणजे लांबून मारणारे क्लास सुरक्षित तर असतातच, शिवाय त्यांना चुकायलाही जास्त जागा मिळते. हीलरचं गणित आणखी वेगळं. त्याने ६०० अंश बरं केलं आणि समोर तीन शत्रू असले, तर प्रत्येकाच्या यादीत त्याचे १०० अंश जमा होतात. टँकने तिसऱ्या शत्रूला हातच लावला नसेल, तर ते १०० पुरेसे ठरतात आणि तो तिसरा सरळ हीलरच्या अंगावर जातो. गट मरतो तेव्हा पुष्कळदा असाच मरतो.

यावरून निवडीचा पहिला खरा प्रश्न मला हा वाटतो: तासन् तास तुमची नजर कुठे असलेली तुम्हाला चालेल? टँकची नजर शत्रूंवर असते: कोणाचं तोंड कुठे आहे, कोण निसटला, भिंतीमागून कोण येतोय. हीलर त्या नितांतसुंदर गुहा, लाव्हा, ड्रॅगन यातलं फार काही पाहत नाही. तो सोबत्यांच्या आयुष्याच्या हिरव्या पट्ट्या पाहतो. त्या कमी होतात, तो भरतो. काही लोकांना यात विलक्षण समाधान मिळतं, काहींना तासाभरात चीड येते. डीपीएस स्वतःकडे पाहतो: कोणती चाल कधी मोकळी होणार, कोणत्या क्रमाने टाकायची. लढणारं पात्र आवडतं म्हणून वॉरियर घेतलेल्याला गटात टँक व्हावं लागतं आणि तो वैतागतो, याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

दुसरी गोष्ट लयीची. प्रत्येक क्लासला चाली करायला इंधन लागतं आणि ते येण्याची पद्धत निराळी असते. वॉरियरचं इंधन म्हणजे संताप: मारलं की वाढतो, मार खाल्ला की वाढतो, लढाई थांबली की ओसरतो. त्यामुळे त्याला पुढच्या लढाईची घाई असते. रोगकडे १०० अंश ऊर्जा असते आणि दर दोन सेकंदांना २० अंश भरून येतात. त्याचा खेळ ठोक्यावर चालतो. जादूवाल्यांकडे मॅना असतो. मोठा साठा, पण संपला की खाली बसून पाणी प्यायचं. त्यातही मेख आहे: मंत्र टाकल्यावर पाच सेकंद मॅना नैसर्गिकरीत्या जवळपास भरतच नाही. म्हणून मुरलेला प्रीस्ट मध्येच हात आखडून थांबलेला दिसतो. नवख्या सोबत्यांना तो आळशी वाटतो. वॉरलॉकने यावर आपला अघोरी तोडगा काढलाय, तो स्वतःचं आयुष्य जाळून मॅना बनवतो.

तिसरी गोष्ट फार कमी लोक आधी विचारात घेतात. गट, गिल्ड म्हणजे खेळाडूंचा कायमचा संघ, चाळीस जणांची रेड म्हणजे मोठी मोहीम, हे सगळं ऐकून माणूस येतो, पण साठाव्या, म्हणजे शेवटच्या, लेव्हलपर्यंतचा बराचसा प्रवास एकट्यानेच होतो, आणि नवख्याला त्यात दोनशे तास सहज जातात. या एकट्या प्रवासात हंटर सर्वांत सुखी. दहाव्या लेव्हलला प्राणी मिळतो, तो पुढे उभा राहतो, आपण मागून बाण सोडायचे. त्या प्राण्याला वेळेवर खाऊ घालावं लागतं आणि बाण विकत घ्यावे लागतात, एवढाच त्रास. वॉरलॉकही असाच, त्याचा राक्षस मार खातो. पॅलाडिन सहजी मरत नाही, पण त्याची लढाई म्हणजे एक आशीर्वाद, एक मुद्रा आणि मग हातोडा आपोआप पडताना बघत राहणं. शेजारी चहा ठेवून खेळणाऱ्यांसाठी उत्तम. वॉरियरचे हाल. त्याला स्वतःला बरं करता येत नाही, धड पळता येत नाही, आणि तलवार जुनी झाली की प्रत्येक रानडुक्कर जड जातं. गटात सगळ्यांना हवा असलेला क्लास एकटा असताना सर्वांत दुबळा असतो. ऑगस्ट २०२३मध्ये आलेल्या हार्डकोर सर्व्हरवर, जिथे एकदा मेलं की पात्र संपलं, हा फरक जीवघेणा ठरतो. हंटर तिसाव्या लेव्हलपासून मेल्याचं सोंग घेऊन सुटू शकतो, वॉरियरला तशी सोय नाही.

ज्यांना सगळंच हवं असतं ते ड्रुइड, शामन किंवा पॅलाडिनकडे वळतात, कारण कागदावर हे दोन-तीन कामं करू शकतात. क्लासिकमध्ये यात फसगत आहे. साठाव्या लेव्हलला गिल्डमध्ये गेलात की या तिघांनाही बहुधा हीलिंगलाच बसवतात. पॅलाडिनकडे तर शत्रूला आपल्याकडे खेचणारी ‘टाँट’ ही चालच नाही, त्यामुळे टँक म्हणून त्याला बोलावणारे कमी. नंतरच्या आवृत्त्यांनी ही उणीव भरून काढली. क्लासिक घेणाऱ्याने ती गृहीत धरावी.

वंशाचं थोडक्यात: अलायन्स आणि होर्ड या दोन शत्रू फौजांत वंश वाटलेले आहेत, आणि सगळे वंश सगळे क्लास घेऊ शकत नाहीत. ड्रुइड व्हायचं तर अलायन्समध्ये नाइट एल्फ आणि होर्डमध्ये टॉरेन, तिसरा पर्याय नाही. पॅलाडिन फक्त अलायन्सकडे, शामन फक्त होर्डकडे. म्हणून मित्र कोणत्या बाजूला आहेत ते आधी विचारा.

आता मागणी-पुरवठा. गल्ली क्रिकेटमध्ये सगळ्यांना बॅटिंग हवी असते आणि कीपिंगला उभं राहायला कोणी तयार नसतं. इथेही डीपीएसची रांग लागलेली असते आणि गट टँकसाठी ताटकळत बसतो. टँक किंवा हीलर झालात तर डंजनसाठी, म्हणजे पाच जणांनी मिळून उतरायच्या भुयारासाठी, थांबावं लागत नाही. पण हेच गणित मोठ्या रेडमध्ये उलटतं. डंजनमध्ये पाचात एक टँक लागतो. मोल्टन कोअरसारख्या चाळीस जणांच्या रेडला तीन-चार पुरतात. दर पाचांतला एक टँक तिथे दहांतला एक होतो, आणि बाकीचे वॉरियर हातात दोन शस्त्रं घेऊन डीपीएसच्या रांगेत उभे राहतात. हीलर मात्र दहा-बारा लागतात, त्यांची चणचण तिथेही असते. मेज, वॉरलॉक आणि प्रीस्ट एकाच प्रकारचे कापडी कपडे घालतात, त्यामुळे बॉसकडून मिळालेल्या झग्यावर तिघांचाही डोळा असतो. आणि मेजला सगळे पाणी मागतात. तो मंत्राने पाणी, भाकरी बनवतो, पुढे शहरांची दारं उघडतो. अनोळखी माणसंही त्याला येऊन हटकतात. वॉरलॉक विसाव्या लेव्हलपासून दोघांच्या मदतीने दूरच्या सोबत्याला जागेवर ओढून आणू शकतो, म्हणून त्यालाही सुट्टी नाही. माणूसघाण्यांनी हे दोन्ही क्लास टाळावेत.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी एक जादाचा मुद्दा आहे. या खेळाचे सर्व्हर भारतात नाहीत. युरोपातल्या सर्व्हरवर खेळलात तर तुमची चाल तिथे जाऊन परत यायला दीडशे मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. दोन-अडीच सेकंदांचा मंत्र टाकणाऱ्या मेजला ते जाणवत नाही. शत्रूचा मंत्र ऐन वेळी तोडायला निघालेल्या रोगला जाणवतं. शिवाय घड्याळ: तिकडे रात्री आठला सुरू होणारी रेड आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला सुरू होते. सकाळी ऑफिस असलेल्या माणसाने अशा गिल्डचा मुख्य टँक होण्याआधी विचार करावा, कारण चाळीसांतला एक डीपीएस उठून झोपायला गेला तर रेड चालते, टँक गेला तर थांबते.

आणि क्लास जोखायची चाचणी? दहावी लेव्हल ही चांगली खूण आहे. हंटरला प्राणी, ड्रुइडला अस्वलाचं रूप, वॉरियरला बचावाचा पवित्रा, वॉरलॉकला मार खाणारा राक्षस, सगळ्यांना कौशल्यवृक्षातला पहिला गुण, हे सगळं दहाव्यालाच येतं. त्याआधी कोणताच क्लास स्वतःसारखा वागत नाही, त्यामुळे पाचव्या लेव्हलला मत बनवू नका. मनात असलेली दोन-तीन पात्रं दहापर्यंत न्या, त्यातलं एक पुढे पंधरा-अठरापर्यंत ओढा आणि एकदा डंजनमध्ये जा: होर्डसाठी रेजफायर कॅझम, अलायन्ससाठी डेडमाइन्स. कौशल्यवृक्षात गुण चुकीच्या फांदीवर गेले तरी घाबरायचं कारण नाही. गुरूकडे जाऊन ते पुसता येतात. पहिल्या वेळी एक सोन्याचं नाणं, मग पाच, मग दहा, असं करत जास्तीत जास्त पन्नास.