जुनी नाव घेऊन लांब जायचं असेल तर

चंदीगडमध्ये राहून समुद्रावर बोलणारा माणूस जरा विनोदीच वाटतो, हे मला माहीत आहे. सरळ रेषेत मोजलं तरी इथून समुद्र हजारेक किलोमीटर दूर. आमचं पाणी म्हणजे १९५८ साली बांध घालून केलेला सुखना तलाव. पण मी सॅपर आहे. पुण्याजवळ दापोडीच्या सीएमईत तरुण अफसर म्हणून शिडाची दोरी हातात आली, ती मनातून कधी सुटली नाही. आणि आजचा विषय निघाला तो माझ्या एका कोर्समेटमुळे. निवृत्तीनंतर तो गोव्यात स्थायिक झाला. परवा फोनवर म्हणाला, "अरे, एक जुनी तीस फुटी यॉट मिळतेय, स्वस्तात. दुरुस्त करतो आणि लक्षद्वीपला जातो. पुढे जमलं तर अंदमान. घेऊ का?"

त्याला दिलेलं उत्तर तुमच्यासमोर सविस्तर मांडतो. ज्यांना नाव घ्यायची नाही, त्यांनीही ऐका. जुनं घर, जुनी गाडी किंवा साठीतलं शरीर घेऊन लांबचा पल्ला गाठायचा असेल, तरी हिशेब साधारण हाच असतो.

जुनी नाव म्हणजे वाईट नाव नव्हे

आधी धीर देणारी गोष्ट. भारतीयांची शिडाच्या नावेतून झालेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा नव्या नावेतून झालेलीच नाही. लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सने इंग्लंडमध्ये ३७ फुटी, वापरलेली फायबरग्लासची यॉट घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'तृष्णा'. ती सप्टेंबर १९८५ मध्ये निघाली आणि सुमारे तीस हजार सागरी मैल कापून १० जानेवारी १९८७ रोजी मुंबईत परत आली. टपाल खात्याने तिचं तिकीटही काढलं. आम्ही त्या वेळी तरुण होतो, आणि लष्करातली माणसं समुद्र ओलांडून जगाला वळसा घालू शकतात ही गोष्ट आमच्या पिढीला तिने शिकवली.

अलीकडचं उदाहरण कमांडर अभिलाष टॉमी यांचं. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात त्यांच्या 'थुरिया'ची डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. २०२२ मध्ये ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. या शर्यतीचा नियमच असा की नावेचं डिझाइन जुनं हवं, आणि दिशा काढायची ती जीपीएसशिवाय, सेक्स्टंट व ताऱ्यांवरून. त्यांची 'बायानात' ही रस्टलर ३६ जातीची, वापरलेली नाव होती. सुरुवातीच्या काही आठवडे आधी एका मालवाहू जहाजाशी तिची टक्कर झाली, ती दुरुस्त करावी लागली. तरी एप्रिल २०२३ मध्ये, २३६ दिवसांनी, ते दुसऱ्या क्रमांकाने परतले.

म्हणजे वय हा प्रश्न नाही. त्या वयात नावेच्या आत काय झालंय आणि ते आपण शोधलंय का, हा प्रश्न आहे.

खर्चाचा क्रम

जुनी नाव घेणाऱ्यांची एक सवय सगळीकडे दिसते. आधी रंग, मग गाद्या, मग चकचकीत स्क्रीन. पाहुण्यांना दिसतं ते आधी होतं. समुद्र मात्र पाहुणा म्हणून येत नाही, तो तपासणीला येतो. म्हणून क्रम असा ठेवा:

पहिलं, ज्याने नाव बुडते ते.
दुसरं, ज्याने डोलकाठी पडते ते.
तिसरं, ज्याने सुकाणू जातं ते.
चौथं, ज्याने माणूस नावेतून बाहेर पडतो ते.
बाकी सगळं त्यानंतर.

मित्राला मी सांगितलं, तुझ्याकडच्या पैशांचे तीन भाग कर. एक भाग नाव घ्यायला, एक दुरुस्तीला, आणि एक हात न लावता ठेवायला. किंमत पहिल्या भागात बसत नसेल, तर ती नाव तुझी नव्हे. फंडातले पैसे एकदाच मिळतात.

पाणी आत कुठून येतं

नावेच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोकं असतात. इंजिन थंड करायचं पाणी, बेसिन, शौचालय, प्रत्येकासाठी एक. प्रत्येक भोकावर झडप असते आणि झडपेला रबरी नळी. आता साधं गणित पाहा. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर एक इंच व्यासाचं भोक उघडं पडलं, तर मिनिटाला सुमारे साठ लिटर पाणी आत येतं. म्हणजे दर मिनिटाला चार बादल्या. हाताने चालवायचा पंप थकलेल्या माणसाकडून तासन्‌तास या वेगाने चालत नाही.

या झडपा ब्राँझच्या हव्यात, पितळेच्या नकोत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू झिजून जातं आणि मागे राहतो तो गुलाबीसर, सच्छिद्र तुकडा. वरून धड दिसतो, हाताने पिरगाळला तर मोडतो. म्हणून प्रत्येक झडप उघडून, खरवडून धातूचा रंग बघा. नळ्यांचे क्लिप बदला. आणि प्रत्येक झडपेशेजारी तिच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. खुंटीची किंमत नगण्य, पण अंधारात ती शोधायला लागू नये.

मग तळ. फायबरग्लास कुजत नाही, पण वर्षानुवर्षं पाण्यात राहिला की ओलावा आत शिरून फोड येऊ शकतात. थोडे फोड म्हणजे आपत्ती नव्हे. काळजी करायची ती थर सुटले असतील तर. छोट्या प्लास्टिकच्या हातोडीने इंच इंच ठोकत जा. घट्ट जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. बाजारात नारळ वाजवून घेतो, तसंच. खालच्या वजनदार कण्याला, म्हणजे कीलला, धरणारे बोल्ट गंजलेत का ते वेगळं तपासायचं.

लाकडी नावेचा त्रास वेगळा. १९६९ साली एकट्याने, कुठेही न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी, ३२ फुटी. अटलांटिकमध्ये तिच्या कण्याजवळच्या सांध्यांतून पाणी येऊ लागलं. त्यांनी पाण्यात बुड्या मारून फटींत कापूस भरला आणि वरून पत्रा ठोकला. पराक्रम मोठा आहे. पण आपण असं काम नाव जमिनीवर असतानाच करावं.

वर काय धरून ठेवलंय

डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी नसते. चारी बाजूंच्या तारा तिला ताणून धरतात. यातली एक तार किंवा तिच्या टोकाची एक पिन गेली, की काठी काही सेकंदांत खाली येते. आणि मोडकी काठी तारांनी बांधलेलीच राहते, मग लाटेबरोबर नावेच्याच कुशीवर धडका देत बसते.

या तारा स्टेनलेस स्टीलच्या असतात, आणि 'स्टेनलेस' शब्दावर फार विसंबू नका. जिथे पाणी अडकतं आणि हवा पोचत नाही, तिथे हे पोलाद आतून खातं. तारेचं टोक ज्या नळीत दाबलेलं असतं, ती जागा पाहा. तारा डेकमधून खाली जिथे नावेच्या अंगाला जोडलेल्या असतात, त्या पट्ट्या बाहेर काढून पाहा, कारण त्यांचा रोग नेमका डेकच्या जाडीत लपलेला असतो. दहा ते पंधरा वर्षांत तारा बदलाव्यात असा सर्वसाधारण सल्ला आहे. मालकाला शेवटच्या कधी बदलल्या ते सांगता येत नसेल, तर बदलायच्या आहेत असंच धरा.

सुकाणू

२०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून पृथ्वीप्रदक्षिणा केली. शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि नावेला मॉरिशसच्या पोर्ट लुईला वळावं लागलं. 'तारिणी' गोव्यात बांधलेली, तेव्हा जेमतेम वर्षाची होती. नव्या नावेचं असं होतं, तर जुन्या नावेच्या सुकाणूकडे किती बारकाईने पाहावं, ते तुम्हीच ठरवा. त्या वेळी दुरुस्ती झाली, नाव मे २०१८ मध्ये सुखरूप परतली. पुढे हीच 'तारिणी' २०२४ मध्ये पुन्हा निघाली आणि दोन अधिकारी तिच्यातून मे २०२५ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून आल्या. नीट सांभाळलेली नाव दुसऱ्यांदाही साथ देते.

म्हणून सुकाणू काढून त्याचा दांडा आणि बेअरिंग पाहा. आणि सुकाणू गेलंच तर काय, याचं उत्तर बंदरात असतानाच तयार ठेवा. टॉमींनी शर्यतीत वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंचलित सुकाणूचा भाग तुटल्यावर शौचालयाच्या दारातून नवा कापून बसवला. असा जुगाड जमायला नावेवर करवत, ड्रिल, बोल्ट आणि फळी असावी लागते. लष्करात आम्ही म्हणायचो, जे बरोबर नेलं नाही ते मोर्चावर मिळत नाही.

माणूस नावेत राहिला पाहिजे

नाळेपासून मागच्या टोकापर्यंत डेकवर पट्टा बांधायचा आणि अंगावरच्या हार्नेसची दोरी त्यात अडकवायची. रात्री एकटा पहाऱ्यावर असलेला माणूस नेहमी अडकलेला. याला अपवाद नाही, लघवीला उठला तरी. दोन माणसांच्या नावेत एक झोपलेला असतो, दुसरा पाण्यात पडला तर हाक ऐकायला कोणी नसतं. लाइफ राफ्टची तपासणीची तारीख पाहा. उपग्रहाला संकटाचा संदेश देणारा ईपीआयआरबी आपल्या नावावर नोंदवून घ्या. नोंदवलेला नसेल तर शोधणाऱ्यांना संदेश मिळतो, पण कोणाला शोधायचं आहे आणि घरी कोणाला विचारायचं, ते कळत नाही.

पल्ला आणि वेळ

आता प्रवासाचा हिशेब. तीस फुटी नाव सरासरी साडेचार नॉट धरली, तर दिवसाला सुमारे शंभर सागरी मैल होतात. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. गोवा ते कवरत्ती साधारण तीनशे मैल, म्हणजे तीन दिवस. श्रीलंकेला वळसा घालून पोर्ट ब्लेअर सुमारे दीड हजार मैल, म्हणजे पंधरा दिवस, आणि वारा पडला तर वीस. दोन माणसं, माणशी रोज तीन लिटर पाणी, वीस दिवस: एकशेवीस लिटर. त्यावर निम्मं राखीव, म्हणजे एकशेऐंशी. तेही एकाच टाकीत नको, एक टाकी खराब झाली तर सगळंच जातं.

वेळ कोकणातल्या माणसाला शिकवावी लागत नाही. आगोट आली की नावा वर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात जोडतात. पण पाऊस संपला म्हणजे धोका संपला असं नाही. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ कन्याकुमारीजवळून लक्षद्वीपकडे गेलं, आणि केरळ व तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार परतले नाहीत. ते आयुष्यभर समुद्रावर जगलेले लोक होते. म्हणून लक्षद्वीपसाठी मी जानेवारी ते मार्च हे महिने सुचवतो. तिथे जायला परवाना लागतो, त्याचा अर्जही आधीच करायचा.

आणि त्याआधी चाचणी. गोवा ते रत्नागिरी, शंभरेक मैल, एक पूर्ण रात्र समुद्रावर. जाताना समोरचा वारा मिळेल, तोच हवा. परत आल्यावर वही काढायची: काय गळलं, काय घासलं, कोणाला उलट्या झाल्या, कोण किती झोपलं. यादी दुरुस्त करायची आणि पुन्हा एकदा जायचं. दुसऱ्या वहीतली यादी पहिलीपेक्षा लहान नसेल, तर लक्षद्वीप एक वर्ष पुढे.

हे शेवटचं वाक्य मित्राला आवडलं नाही. म्हणाला, "आपल्याकडे वर्षं किती उरलीत?" प्रश्न खरा आहे, आणि साठीनंतर तो प्रत्येकाच्या मनात असतो. माझं उत्तर असं: घाई करावी, पण ती आजच्या कामात. झडपा या महिन्यात उघड, तारा पुढच्या महिन्यात बदल, परवान्याचा अर्ज पावसाळ्यातच भर. निघायच्या तारखेत मात्र घाई करू नकोस. वहिनींना आणि मुलांना परतीची तारीख सांगताना "साधारण" हा शब्द जोडून सांग, म्हणजे ती गाठण्यासाठी खराब हवेत निघायची वेळ तुझ्यावर येणार नाही.

नाव त्याने अजून घेतलेली नाही. येत्या आठवड्यात ती पाण्याबाहेर काढून तपासायची आहे. हातोडी त्याने विकत घेतली आहे.