बोटं शिकतात ती थांबल्यावर

गिटार म्हटलं की आपल्याला आठवते ती गाण्याला साथ देणारी गिटार. गाणारा गात असतो आणि हातातल्या प्लास्टिकच्या छोट्या तुकड्याने सहाही तारा एकदम झंकारत राहतो. फिंगरस्टाइल ही त्याच वाद्याची वेगळी तऱ्हा. इथे गाणारा नाही आणि ठेका धरायला कुणी सोबतीलाही नाही. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर ठेका धरतो आणि तर्जनी, मधलं बोट, अनामिका पातळ तारांवर गाण्याची चाल वाजवतात. डोळे मिटून ऐकलं तर दोघं जण वाजवताहेत असं वाटतं. अमेरिकेतल्या केंटकीचा मर्ल ट्रॅव्हिस हे बहुतेक सगळं अंगठा आणि तर्जनी एवढ्यावर भागवायचा. चेट अ‍ॅटकिन्सने त्यात आणखी बोटं आणली. ऑस्ट्रेलियाच्या टॉमी इमॅन्युएलचे कार्यक्रम आज मोबाइलवर कुणालाही बघता येतात.

आणि बघणारे आता फक्त पुण्या-मुंबईत नाहीत. परांडा तालुक्यातलं सोनारी हे काळभैरवनाथाच्या देवळासाठी ओळखलं जाणारं गाव. भोवती उसाचे फड, दारात दुभती जनावरं. अशा गावात फिंगरस्टाइलचा क्लास कोण काढणार? पण मोबाइल आणि डेटा पॅक घरोघरी आहे. त्यामुळे रात्री जेवणं उरकली की एखाद्या ओसरीवर मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला जातो आणि शिकवणी सुरू होते.

एकलव्याने मातीच्या द्रोणाचार्यांसमोर विद्या साधली. मोबाइलमधला गुरू त्या मानाने बराच बोलका. हात जवळून दाखवतो, सावकाश दाखवतो, शंभरदा मागितलं तर शंभरदा दाखवतो आणि कंटाळत नाही. एका बाबतीत मात्र दोन्ही गुरू सारखेच: शिष्याचा हात त्यांना दिसत नाही. शिष्याने मनगट किती वाकवलंय, तार गरजेपेक्षा किती जोरात दाबलीय, खांदा कानापर्यंत उचललाय का, हे समोर बसलेला गुरुजी एका नजरेत ओळखतो आणि टोकतो. पडद्यावरचा गुरू टोकत नाही. ते काम शिकणाऱ्यालाच करावं लागतं आणि त्यासाठी हात कसा शिकतो हे थोडं ठाऊक असायला हवं.

आधी डोळ्यांच्या फसवणुकीबद्दल. शिकागो विद्यापीठाच्या मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. वरची भांडी न सांडता टेबलावरचा कपडा झटक्यात ओढण्याची करामत लोकांना व्हिडिओवर दाखवली, काहींना एकदा आणि काहींना वीसदा. वीसदा पाहणाऱ्यांना हे आपल्याला जमेल असा विश्वास कितीतरी जास्त वाटला. बाण नेमावर फेकण्यासारख्या कामांत प्रत्यक्ष करायला लावल्यावर मात्र जास्त वेळा पाहणाऱ्यांचं कसब काही वाढलेलं दिसलं नाही. वाढला होता तो फक्त आत्मविश्वास. व्हिडिओवरून गिटार शिकणाऱ्यांनी हा प्रयोग घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा असं मला वाटतं. एकच धडा दहादा पाहून ‘आता समजलं’ असं वाटतं तेव्हा समजलेलं असतं ते डोळ्यांना.

म्हणजे पाहणं वाया जातं असंही नाही. इटलीतल्या पार्मा शहरात १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूत एक विशेष प्रकारच्या पेशी सापडल्या. माकडाने स्वतः शेंगदाणा उचलला तरी त्या चेततात आणि दुसऱ्याला उचलताना पाहिलं तरी चेततात. (सोनारीच्या देवळातल्या माकडांसमोर प्रसादाचा पुडा उघडलेल्यांना यात काही नवल वाटणार नाही. आपल्या जिल्ह्यातल्या उपळ्यात तर ३२ एकर जमीन माकडांच्या नावावर असल्याच्या बातम्या २०२२ मध्ये आल्या होत्या, तेव्हा त्यांचा मान मोठाच.) याच धाग्यावरचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात चक्क गिटार होती. कधीही गिटार न वाजवलेल्या लोकांना तज्ज्ञाच्या हाताने धरलेले कॉर्ड दाखवले, मध्ये थोडा वेळ थांबवलं आणि मग तसेच धरायला सांगितलं. या सगळ्या वेळात त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. पाहताना हालचालींशी संबंधित भाग जागे होत होतेच, पण पाहणं संपून करणं सुरू होण्याआधीच्या त्या थांब्यात मेंदूच्या पुढच्या बाजूचा आणखी एक भाग विशेष कामाला लागलेला दिसला. पाहिलेल्या हालचालीचे सुटे तुकडे आपल्या हातासाठी नव्याने जुळवायचं काम तिथे चालतं, असा अर्थ संशोधकांनी लावला.

थांब्याचं महत्त्व पुढे आणखी ठळक झालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ मध्ये झालेल्या अभ्यासात लोकांना एका हाताच्या बोटांनी ठराविक क्रमाने कळा दाबायला सांगितल्या: दहा सेकंद सराव, दहा सेकंद विश्रांती, पुन्हा सराव. सुरुवातीच्या टप्प्यातली प्रगती मोजली तर ती सराव चालू असताना फारशी होतच नव्हती. दहा सेकंद स्वस्थ बसून परत सुरू केलं की बोटं आधीपेक्षा वेगाने चालत होती. याच गटाने २०२१ मध्ये दाखवलं की त्या विश्रांतीत मेंदू तोच क्रम मनातल्या मनात, सुमारे वीसपट वेगाने, पुन्हा पुन्हा फिरवून घेतो. झोपेचीही हीच गोष्ट. हार्वर्डमधल्या २००२ च्या अभ्यासात संध्याकाळी बोटांचा असाच क्रम शिकलेले लोक रात्रीच्या झोपेनंतर सकाळी, मध्ये काहीही सराव न करता, सुमारे २० टक्के वेगाने तो करू लागले.

म्हणून व्हिडिओच्या शिकवणीतलं सर्वांत मोलाचं बटण कुठलं, तर थांबवायचं. चार सुरांचा तुकडा पाहायचा, व्हिडिओ थांबवायचा, हात मांडीवर ठेवून क्षणभर नुसतं बसायचं, मग वाजवायचं. वेग निम्मा करायची सोय असते, ती सुरुवातीला बिनदिक्कत वापरावी, कारण घाईत चुकीचं वाजवलेलंही मेंदू तितक्याच इमानाने लक्षात ठेवतो. रात्री दोनपर्यंत जागून एक गाणं बसवणाऱ्याने झोपेचे तीन तास तर घालवलेच, वर शिकण्याचेही घालवले.

आता हाताकडे येऊ. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि बाकीची बोटं एकेक करून उचलून पाहा. अंगठा, तर्जनी, करंगळी उचलतील. अनामिका जागची हलणार नाही किंवा जेमतेम हलेल. यात इच्छाशक्तीचा दोष नाही. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटं ओढतात. तर्जनी आणि करंगळीला उचलणारा स्वतःचा जादा स्नायू आहे. मधलं बोट आणि अनामिका सामाईक स्नायूवर चालतात आणि हाताच्या पाठीवर त्यांच्या कंडरा एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. अंगठ्याचा कारभार मात्र अगदी स्वतंत्र. वाकवणारा वेगळा, उचलणारे वेगळे आणि बुडाशी गुबगुबीत उंचवट्यात आणखी तीन-चार छोटे स्नायू. अंगठ्याने ठेका आणि बोटांनी चाल ही वाटणी कुणा वादकाच्या डोक्यातून निघाली असली तरी शरीररचनेनेच ती आधी करून ठेवली आहे. द्रोणाचार्यांनी नेमका अंगठाच का मागितला, हे कुठल्याही फिंगरस्टाइलवाल्याला समजावून सांगावं लागणार नाही.

आमच्या भागात धार काढणाऱ्यांचे हात पाहण्यासारखे असतात. मुठीने धार काढताना आधी अंगठा आणि तर्जनी आवळतात, मग मधलं बोट, अनामिका, शेवटी करंगळी. सड वरून खाली क्रमाने दाबला जातो. एका हाताची मूठ उघडते तेव्हा दुसऱ्याची मिटते. दोन हातांचा असा मेळ बसलेला माणूस गिटारकडे वळला तर त्याच्याकडे थोडं भांडवल आधीच असतं. पण तोच हात आधीच थकलेलाही असतो.

सोनारीकडचा असाच एक दूधवाला माझ्याकडे आला होता. वय चाळिशीच्या आत, दोन्ही वेळच्या धारा, दिवसा शेत आणि रात्री दीड-दोन तास सलग मोबाइलसमोर गिटार. तक्रार झोपेतली. ‘‘साहेब, रात्री दोन-तीनला जाग येते. डावा हात मेल्यासारखा होतो. झटकला की मग जीव येतो त्यात.’’ मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका एवढ्यातच. करंगळी साफ. हा नकाशा मनगटातल्या मज्जातंतूचा. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडांचा आणि एका घट्ट पट्ट्याचा अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू जातो. मनगट फार वाकलं किंवा कंडरांना सूज आली की दाबला जातो तो हा मज्जातंतू.

मी त्यांना वाजवून दाखवायला सांगितलं. गिटार नव्हती, म्हणून ओपीडीतला प्लास्टरचा लांब स्प्लिंटच त्यांनी मांडीवर धरला. (बाहेरच्या रांगेला काय वाटलं असेल ते असो.) डावं मनगट जवळजवळ काटकोनात आत वळलेलं आणि मान मोबाइलकडे खाली झुकलेली. ‘‘व्हिडिओत तो असंच धरतो,’’ ते म्हणाले. तो तसं धरत नसणार. समोरून घेतलेल्या चित्रात मनगटाचा कोन कळतच नाही.

या दुखण्यात डॉक्टरांनी आधी बघायचा तो अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा. तो सपाट होऊ लागला असेल तर स्नायू वाळायला लागलेत, मग थांबून चालत नाही, शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. उशीर झाला तर गिटार सोडाच, शर्टाचं बटण आणि म्हशीची धार दोन्ही अवघड होऊन बसतं. त्यांचा उंचवटा शाबूत होता. साखर आणि थायरॉइड तपासलं, कारण या दोन्हीत हा बोगदा जास्त अडचणीत येतो. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. गिटार डाव्या मांडीवर, डाव्या पायाखाली वीट, म्हणजे गिटारची मान वर येते आणि मनगट आपोआप सरळ होतं. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर. आणि दहा मिनिटं वाजवून पाच मिनिटं हात मोकळा. रात्रीच्या मुंग्या काही आठवड्यांत थांबल्या. गिटार सोडा असं मी सांगितलं नव्हतं. धारा सोडा असं सांगून उपयोगही नव्हता.

बोटांच्या टोकांबद्दल लोक जास्त घाबरतात, पण ती बाब तुलनेने साधी आहे. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या घरात असतो, नायलॉनच्या तारांचा त्याच्या निम्म्याच्या जवळपास. नव्याने शिकणाऱ्याने नायलॉनची गिटार घेतली तर पहिला महिना सुसह्य होतो. तीन-चार आठवड्यांत कातडी जाड होते, सतार वाजवणाऱ्यांच्या बोटांना पडतात तसे घट्टे पडतात. ते सोलू नयेत, ब्लेडने तर मुळीच कापू नयेत. तार दाबताना बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे ठेवलं तर फार कमी जोर पुरतो. नवशिके दोघांची ताकद एकटे लावतात.

क्वचित आढळणारा पण ओळखायलाच हवा असा एक विकार म्हणजे वादकांचा डिस्टोनिया. धंदेवाईक वादकांमध्ये तो सुमारे शंभरात एकाला होतो असा अंदाज आहे. इथे दुखत नाही. एखादं बोट वाजवताना आपोआप आत वळतं किंवा ताठ होतं, बाकी कामं करताना तोच हात ठणठणीत. म्हणून लोक त्याला मनाचा खेळ समजतात, रियाज वाढवतात आणि बिघडवून घेतात. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशरचा उजवा हात असाच १९६० च्या दशकात गेला. तो अनेक वर्षं फक्त डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिला आणि बोट्युलिनमच्या इंजेक्शनांच्या मदतीने १९९० च्या दशकात दोन्ही हातांवर परतला. बंगळुरूत २०१७ मध्ये अशाच एका गिटारवादकाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो टेबलावर जागा राहून गिटार वाजवत होता, म्हणजे बोट सुटल्याचं डॉक्टरांना तिथेच दिसावं. इतक्या टोकाला फार थोडे जातात. पण न दुखता बोट ऐकेनासं झालं तर सराव थांबवून न्यूरॉलॉजिस्टकडे जावं.

मधुमेह असलेल्यांसाठी थोडं वेगळं. नमस्कार करा आणि तळवे, बोटं पूर्ण जुळतात का पाहा. मध्ये फट राहत असेल तर सांधे आखडू लागलेत. बोट वाकून अडकतं आणि खटकन सुटतं, तेही मधुमेहात जास्त दिसतं. अशांनी गिटार जरूर शिकावी, पण कोमट पाण्यात हात शेकून, आणि ताण कमी असलेल्या तारांवर. साखर घरी तपासत असाल तर सुई उजव्या हाताच्या बोटाच्या कडेला टोचा. टोकाच्या मधोमध नको, आणि डाव्या हाताच्या घट्ट्यावर तर नकोच. तिथे रक्त नीट येत नाही आणि तार दाबताना ती जागा दुखत राहते.